जिन्याखालचा परका

इमारतीत परका माणूस एकही नाही, ही गोष्ट समितीच्या बैठकीत प्रथमच चिंतेची बाब म्हणून मांडली गेली. आजवर ती अभिमानाची बाब होती. वेगळी भाषा बोलणारं कुणी जागा बघायला आलं, की चिटणीस त्यांना आपल्या हाताने चहा देत आणि सांगत, "आमच्याकडे भेदभाव मुळीच नाही. जागाच रिकामी नाही, एवढंच." पण आता नगर कार्यालयाने 'सहिष्णू इमारत' असं प्रमाणपत्र काढलं होतं. ते मिळवणाऱ्या इमारतीला दिवसभर पाणी मिळणार होतं. अट एकच: इमारतीत निदान एक परभाषिक सुखाने नांदत असला पाहिजे. पाणी चढत नसे त्या वरच्या मजल्यांवर तर सहिष्णुतेची फारच ओढ निर्माण झाली.

शोध घेता घेता चिटणीस जिन्याखाली आले. तिथे टेलरकाका मशीनवर वाकून पँटला पट्टी मारत होते.

"काका, तुमचे आजोबा नदीपलीकडून आले होते ना?"

"आले होते. पण मी इथलाच. समोरच्या दवाखान्यात जन्मलो. तुमच्या शाळेच्या पहिल्या चड्डीला नाडी मीच ओवली होती."

"ते राहू द्या. मुळं तिकडची, म्हणजे माणूस तिकडचा." चिटणिसांनी आवाज खाली आणला. "प्रमाणपत्र मिळू दे, ही जागा कायमची तुमची."

काकांनी मशीन थांबवलं. जिन्याखालच्या जागेची परवानगी समिती एका वेळी एकाच वर्षापुरती वाढवून देई. घर त्या मशीनवर चालत होतं. त्यांनी मान डोलावली खरी, पण वर आपल्या घरी गेल्यावर ताट तसंच बाजूला सारलं.

"मी परका आहे का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? लग्न होऊन आले तेव्हा या घरात परकी मी होते. तुमच्या आईने माझ्यासाठी कपसुद्धा वेगळा ठेवला होता. चार वर्षांनी तो फुटला, तेव्हा कुठे मी घरची झाले."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. तालीम घ्यायला मास्तर होते, काकांचे पत्त्यांतले जुने भिडू.

"फार स्वच्छ बोलताय. जरा अडखळा."

"अडखळतोय की."

"हे लाजून अडखळणं झालं. परक्यासारखं अडखळा. आणि घरच्या भाषेतलं काहीतरी म्हणा बघू."

इथे खरी पंचाईत झाली. घरची भाषा घरात कुणालाच येत नव्हती. ती येत होती फक्त म्हाताऱ्या आत्याला, आणि आत्याला ऐकू येत नव्हतं. तिने लहानपणी काकांना त्या भाषेतलं एकच वाक्य ऐकवलं होतं, पण ते रोज ऐकवलं होतं. काकांनी तेच घोटून ठेवलं.

तपासणीच्या दिवशी सगळी इमारत काकांभोवती प्रेमाने उभी राहिली. तपासनीस बाई म्हणाल्या, "आपल्या मातृभाषेत रहिवाशांना संदेश द्या."

काकांनी डोळे मिटले आणि ते वाक्य म्हणून टाकलं. जिना दणाणला. बाईंचे डोळे पाणावले.

"किती गोड भाषा! अर्थ काय याचा?"

अर्थ असा होता: 'चिखलाचे पाय घेऊन घरात आलास, तर तंगडी मोडून हातात देईन.'

"सगळ्यांनी मिळून राहावं, असं म्हणालो," काका अडखळत बोलले. हे अडखळणं मास्तरांनासुद्धा पसंत पडलं.

प्रमाणपत्र आलं. पाणी आलं. प्रमाणपत्रामागे बारीक अक्षरांत छापलं होतं, की परभाषिकाचं वेगळेपण जपण्याची जबाबदारी रहिवाशांची राहील, आणि वरचेवर तपासणी होईल. रहिवासी जबाबदार होते. दुसऱ्या दिवसापासून ते काकांशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले.

"का-का! शर्ट! कधी! होईल?"

"उद्या संध्याकाळी. आणि मी बहिरा नाही, बहिरी आत्या आहे."

मास्तर पत्त्यांना बसले की हुकूम म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. हुकूम म्हणजे काय ते मास्तरांना काकांनीच शिकवलं होतं. गच्चीची गळती काढण्यावर बैठक बसली, तेव्हा काकांनी हात वर केला. चिटणीस हसून म्हणाले, "तुम्ही निवांत बसा. हा आमचा आपसातला विषय आहे. तुम्ही पाहुणे."

पाहुण्याने मग आपल्या जागेचं विचारलं.

"तीच तर अडचण झालीय," चिटणीस हळहळले. "जिन्याखालची जागा इथल्याच माणसाला द्यायची, असा आपला जुना नियम आहे. तुम्ही तर आता अधिकृत तिकडचे. आमचे हात बांधलेत हो! दोन-चार दिवसांत मशीन तेवढं हलवा."

काका आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरं. हलवतो. पण पुढच्या तपासणीला मी अडखळणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारखंच बोलेन. घडाघडा. दोन-चार म्हणीसुद्धा टाकीन."

सभेत कुणाच्या तरी घरचा नळ वाहताना ऐकू आला. सगळ्यांनी तो ऐकला. जिन्याखालची जागा त्याच बैठकीत, एकमताने, कायमची टेलरकाकांची झाली. नियमाला अपवाद म्हणून नव्हे, तर सहिष्णुतेचं उदाहरण म्हणून, असं चिटणिसांनी मुद्दाम सांगितलं.

"काका, या आनंदात तुमच्या भाषेत होऊन जाऊ दे!" मास्तर ओरडले.

काकांनी सगळ्यांच्या पायांकडे एकवार पाहिलं आणि आत्याचं वाक्य म्हटलं. या वेळी अगदी मनापासून. टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्थ कुणीच विचारला नाही. अर्थ ठाऊक असलेली बायको तेवढी दाराशी पदर तोंडाला लावून हसत होती.

बैठक संपता संपता एक जोडपं जागा विचारत आलं. त्यांची बोली जरा वेगळी होती. चिटणिसांनी त्यांना प्रेमाने चहा दिला आणि म्हणाले, "आमच्याकडे भेदभाव मुळीच नाही. पण परका आम्ही घेतलाय एक."

आता काकांची ती भाषा नेमकी कोणती, आणि नदीपलीकडचा तो मुलूख कुठला, हे सांगायचं राहून गेलं. तुमच्या मनात तो प्रश्न केव्हाचा घोळत असेल. संकोचू नका. समितीनेही सुरुवात त्याच प्रश्नापासून केली होती.