सूपभर धानाचा आजा

आंब्याच्या झाडाचा वाद कागद आणूनच मिटवायचा, असं वारलूनं ठरवलं होतं, आणि वारलूनं एकदा ठरवलं की ते सगळ्या गावाला आठवडाभर ऐकावं लागायचं. झाड होतं त्याच्या आणि मुजफ्फर मणियारच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर. लोणच्याला तशी कैरी आलापल्लीपासून गडचिरोलीपर्यंत मिळत नाही, यावर दोघांचं एकमत. झाड कुणाचं यावरून मात्र दोन उन्हाळे बोलणं बंद! मुजफ्फरचं बांगड्यांचं दुकान वारलूच्या घरासमोरच असल्यानं न बोलणं हे फार मेहनतीचं काम होऊन बसलं होतं. सकाळी दात घासायचे तेसुद्धा तोंड फिरवून. वारलूची बायको मनकर्णा आणि मुजफ्फरची बायको सईदा यांना मागच्या दारानं बोलावं लागे, ते वेगळंच.

"झाड माया आज्यानं लावलं. फकिरा आजानं," वारलूनं चावडीवर जाहीर केलं. "ज्याचा आजा त्याचं झाड. तो माया आजा आहे, असा शिक्क्याचा कागद आणतो अन् सगळ्यांसमोर वाचतो."

मुजफ्फरनं दुसऱ्याकरवी कळवलं, की मंजूर. ज्याचा आजा त्याचं झाड.

वारलू एस्टीनं गडचिरोलीला गेला. तिथं कळलं, की त्याला हवे ते कागद जिल्हा वेगळा होण्याच्या कितीतरी आधीचे, तेव्हा ते चंद्रपूरला. निघण्याआधी कुणाला विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं, आणि ते वारलूच्या रक्तात नव्हतं. चंद्रपूरच्या रेकॉर्ड खोलीत त्यानं आपल्या घराण्याची थोरवी इतकी रंगवली, की बाबूनं सुटका व्हावी म्हणून गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी पंजी तातडीनं शोधून काढली आणि नक्कल करून दिली. चष्मा घरी राहिला होता. वारलूनं शिक्का तेवढा बोटानं चाचपला आणि पाकीट छातीशी धरून गाव गाठलं.

संध्याकाळी चावडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वाचायला त्याची मुलगी दिव्यानी उभी राहिली.

"मुलाचं नाव फकिरा," तिनं वाचलं. वारलूनं मिशीला पीळ दिला. "बापाचं नाव..." ती थांबली. तिनं कागद उलटा करून पाहिला.

"वाच ना, काऊन थांबली?"

"बापाचं नाव इब्राहीम मणियार. धंदा, बांगड्या."

इब्राहीम मणियार म्हणजे मुजफ्फरचा पणजा! चावडीवर कुणाला खोकला आला, कुणाला ठसका. मुजफ्फर उठला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा वारलूशी बोलला.

"माया आजा थोरला, तुया आजा धाकटा. आता मले भाऊ म्हणायचं. अन् आजा मणियाराच्या घरचा निघाला, म्हणजे झाड बी मणियाराचंच. तूच तं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सईदा थेट पुढच्या दारानं 'जाऊबाई' म्हणत शेवया घेऊन आली, आणि मनकर्णेनं आनंदानं दोन ताटल्या खाल्ल्या. मुजफ्फर थोरलेपणानं अंगणातल्या खाटेवर बसून वारलूला धान कसं रोवायचं ते शिकवू लागला. स्वतःचं शेत तो जन्मभर दुसऱ्यांना बटईनं कसायला देत आलेला! लोक विचारू लागले, आता शेतातही वाटा देणार काय? शेताचं, झाडाचं राहू द्या. ज्या आज्याच्या खांद्यावर बसून वारलूनं बाजार पाहिला, तो आपला नव्हताच की काय, या विचारानं त्याला खरोखर रडू आलं.

शेवटी तो गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या अंजनाबाईकडे गेला. "बाई, माया आजा कोणाचा?"

अंजनाबाई पोट धरून हसली. मग सासूकडून ऐकलेलं तिनं सांगितलं. फकिराच्या आधीचं एकही लेकरू जगलं नव्हतं. म्हणून तो जन्मला त्याच दिवशी त्याच्या मायनं सूपभर धान घेऊन त्याला इब्राहीमला विकलं. लेकरू या घरचं नाहीच असं यमाला वाटावं, म्हणून तेव्हा असं करत. नावही इब्राहीमनंच ठेवलं. तेवढ्यात जन्म लिहायला कोतवाल आला, तोही गावाला नवा. पोरगं कोणाचं, म्हणून त्यानं विचारलं. खरं बोलावं तर यमाच्या कानावर जायचं!

"साऱ्या गावानं एका तोंडानं सांगतलं, इब्राहीमचं," अंजनाबाई म्हणाली. "यम फसला. कोतवाल बी फसला."

वारलूचा जीव भांड्यात पडला. "मंग वापस घेतला असन ना?"

"लग्नाच्या दिवशी धान देऊन वापस घेतेत. पर इब्राहीम म्हणे, धान नको, पोरगा माया आहे. वाढला मायच्याच घरी, पर विकलेला राह्यला तसाच."

वारलू तडक घरी आला. त्यानं सूपभर धान निवडून घेतलं आणि भर दुपारी ते मुजफ्फरच्या दुकानात नेऊन ठेवलं. सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाला, "आजा वापस दे."

मुजफ्फरनं एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. मग सूप वारलूकडेच परत सरकवलं.

"नाई देत," तो म्हणाला. "माया पणज्यानं नाई देल्ला, मी काऊन देऊ? आजा आमचा, झाड आमचं. उद्या सकाळी टोपलं घेऊन ये, धाकट्या. मले झाडावर चढता येत नाई."

दुसऱ्या दिवशी वारलू आंब्याच्या शेंड्यावर होता आणि खाली सावलीत बसून मुजफ्फर कोणती कैरी तोडायची ते सांगत होता. हा थोरला वारलूपेक्षा वयानं चांगला सहा वर्षांनी लहान! तरी वारलू प्रत्येक कैरीला "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत होता, आणि दोन उन्हाळ्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. कैऱ्या निम्म्या निम्म्या झाल्या.

ती नक्कल मात्र वारलूनं ट्रंकेत तळाशी जपून ठेवली आहे. न जाणो, उद्या मुजफ्फरचं डोकं फिरलं आणि तो आजा परत करायला निघाला, तर आपल्याकडे शिक्क्याचा पुरावा असलेला बरा.