लक्झरी कोपी

“चार दिवस! चार दिवस माझी आई काडीला हात लावणार न्हाई. लावला तर नाव बदलीन,” असं रामेश्वरनं भर दुकानात जाहीर केलं, तेव्हा दुकानात तीनच माणसं होती. तो स्वतः, शेजारचा खतवाला अजिनाथ आणि मोटार जळाली म्हणून भांडायला आलेलं एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला रामेश्वरच्या आईशी काही घेणंदेणं नव्हतं. अजिनाथनं मात्र चौकशी केली, “नवीन नाव काय ठेवणार बे?”

रामेश्वरनं गिऱ्हाइकाचं बिल तपासायला घेतलं. सिरसाळ्याच्या पेठेत मोटारी आणि पाइप विकणाऱ्या माणसाला असल्या फालतू प्रश्नांना वेळ नसतो, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं.

तो एवढा पेटला होता मनिषाक्कामुळं. थोरली बहीण, लातूरला दिलेली. संक्रांतीला माहेरी येऊन गेली आणि परत गेल्यावर तिनं नातेवाइकांच्या ग्रुपवर, म्हणजे जिथं तीन मामा, दोन चुलते आणि सगळी भावकी दबा धरून बसलेली असते तिथं, लिहिलं, “चार दिवसांत आई एकदाबी बसलेली दिसली न्हाई. रामाच्या घरी तिला इसावा न्हाई.” त्याखाली धाकट्या मामानं नुसते जोडलेले हात टाकले. त्या हातांचा अर्थ रामेश्वरला लागला नाही, पण लागायचं तिथं लागलं.

खरं सांगायचं तर अक्काचं चुकत नव्हतं. सावित्रीबाईंनी नवऱ्याच्या जोडीनं तीस वर्षं कारखान्यांवर ऊस तोडला. दिवाळी झाली की टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घ्यायची, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं, सहा महिने फडाच्या कडेला पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहायचं आणि घेतलेली उचल फिटली की गावाकडं यायचं. त्या कोयत्यावर पोरं शिकली, दुकान उभं राहिलं. पुढं नवरा गेला, कोयता सुटला, पण हे हातांना कुणी कळवलं नाही. सून वर्षाराणी पहाटे उठून चुलीपाशी जायची, तर भाकरीची चवड तयार. रामेश्वर रोज म्हणायचा, “आई, कावून करतीस?” आणि म्हणता म्हणता तिसरी भाकरी मोडायचा.

आता उपाय एकच होता. आईचा पाय पसरून, हात रिकामे ठेवून बसलेला एक फोटो. तो ग्रुपवर टाकायचा आणि खाली काही म्हणजे काही लिहायचं नाही.

अशात त्याला मोबाइलवर जाहिरात दिसली. ‘मायेचं गाव, फॅमिली हॉलिडे व्हिलेज.’ लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या कुशीत. मातीशी नातं, चुलीवरचं जेवण, लक्झरी निवास. तीन रात्रींचे पैसे मात्र असे, की दोन चांगल्या मोटारी विकल्यावर पदरात पडतं तेवढे.

वर्षाराणी म्हणाली, “अहो, माती आपल्या दारात हाय. चूल परसात हाय. मंग पैसे कशाचे घेतेत?”

“वातावरणाचे,” रामेश्वर म्हणाला आणि सगळे पैसे आगाऊ भरून मोकळा झाला. आईला त्यानं आकडा सोडा, पैसे भरलेत हेसुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गाडीत बसली नसती. जानेवारीत जोडून सुट्ट्या आल्या, तशी आई, बायको आणि दहा वर्षांची संस्कृती यांना गाडीत घालून तो निघाला. “चार दिवस जाऊन येऊ,” एवढंच आईला सांगितलं. माणसानं आईपासून काही लपवू नये असं म्हणतात, ते उगीच नाही.

फाटकावर भारत नावाचा मॅनेजर उभा होता. चाळिशीचा भरदार गडी, डोक्याला लाल फेटा, गळ्यात शिट्टी, काखेत वही. त्याला पाहताच सावित्रीबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“रामेश्वर न्हवं का? चार माणसं,” भारतनं वहीत खूण केली. “पैशाचं आधीच झालंय तुमचं. पोरीला निम्मं धरलंय. चला, तुमची कोपी दाखवतो.”

कोपी म्हणजे खरोखर कोपीच होती. बांबूच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर. आत पांढऱ्याशुभ्र चादरीचा पलंग, गार हवेचं यंत्र, आणि दारावर पाटी, ‘लक्झरी कोपी क्रमांक ४’. संस्कृती पलंगावर उड्या मारायला लागली. सावित्रीबाई उंबऱ्यातच थांबल्या. आधी छपराकडं, मग शिट्टीवाल्याच्या पाठीकडं, मग पोराकडं बघत राहिल्या. रामेश्वरला वाटलं, आई भारावली. त्याचा ऊर भरून आला.

“रामा,” त्या हळूच म्हणाल्या, “दुकान बरं चाललंय न्हवं?”

“एक नंबर. त्याशिवाय इथं आलोत का?”

“मला सांगायचं व्हतंस रे आधी.”

“सांगितलं असतं तर तू आली असतीस का?”

“न्हाई कशी आले असते? पोराला टाकून देती का कुठं माय?” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “चार दिवसांचंच हाय न्हवं? मंग व्हतंय उरकून. फकस्त पोरीला निम्मं कावून धरलं? ती शाळंत जाती.”

“लहानांचा तसाच हिशोब असतोय, आई.”

“असंल. पण तिच्या वाटचं बी म्या करीन. सांगून ठेवते.”

आई काय सांगून ठेवते आहे, हे विचारायला पाहिजे होतं. पण रामेश्वर तेव्हा खिडकीतून उजेड कसा येतो ते बघत होता. फोटोसाठी.

फोटोचं काही जमेना. पलंगावर बसवावं, तर चहाच्या कपबशा विसळायला उठल्या. झाडाखालच्या बाजेवर बसवावं, तर तिची सैल झालेली सुतळी ताणायला लागल्या. जरा लघवीला म्हणून रामेश्वर मागं गेला आणि परत येतो तर बाजेवर आई नाही. शोधाशोध झाली. शेवटी संस्कृतीनं वर बोट दाखवलं. सावित्रीबाई शिडी लावून क्रमांक चारच्या छपरावर!

“आई, खाली उतर! कुणी बघंल!”

“पाचट उलटं टाकलंय रे भाड्यांनी. एक सर आली तर लेकरू भिजंल.”

क्रमांक पाचमध्ये पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या बाईंनी खालून टाळ्या वाजवल्या आणि भारतला विचारलं, “आमच्या छपराचं प्रात्यक्षिक किती वाजता आहे?” भारतनं एकदा रामेश्वरकडं, एकदा छपराकडं पाहिलं आणि तो वही उघडून काहीतरी टिपून निघून गेला. त्या संध्याकाळी सावित्रीबाईंनी क्रमांक पाचही शाकारली, मुदपाकखान्यात जाऊन चाळीस भाकऱ्या थापल्या, आणि जेवायला पाहुण्यांच्या पंगतीत न बसता चुलीमागं जाऊन बसल्या. रामेश्वरनं बोलावलं, तर म्हणाल्या, “असू दे. त्यांच्या डोळ्यावर येतंय.”

“आत्या हट्टी हायेत,” वर्षाराणी म्हणाली, “पण आज जरा लईच झालं.”

“उद्या बसवतोच तिला,” रामेश्वर म्हणाला.

उद्याचा दिवस सहाच्या शिट्टीनं उजाडला. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे, ‘चला, ऊस तोडूया!’ त्यासाठी मधल्या चौकात दोन खोल्यांएवढ्या जागेत ऊस लावून ठेवलेला होता. प्रत्येक पाहुण्यानं हौसेनं एक कांडं तोडायचं, फोटो काढायचा आणि रस प्यायला जायचं. रामेश्वर डोळे चोळत चौकात पोचला, तेव्हा संस्कृती हातात कोयता धरून फोटोसाठी उभी होती. आणि तिच्या दिशेनं सावित्रीबाई येत होत्या. लुगड्याचा कासोटा घातलेला, डोक्याला फडकं बांधलेलं आणि अंगात, फडात बाया घालतात तसा, गड्याचा सदरा. तो सदरा रामेश्वरचा होता. नवा, पांढरा, ग्रुपवरच्या फोटोत आईशेजारी बसायला म्हणून खास आणलेला.

त्यांनी नातीच्या हातातला कोयता हिसकून घेतला. “सोड ते. माझ्या जिवात जीव हाय तवर तुझ्या हातात हे येणार न्हाई. जा, अभ्यास कर.”

संस्कृतीनं रडायला तोंड उघडलं, पण रडायला फुरसत कुणाला होती? सावित्रीबाई उसात घुसल्या होत्या. खप खप खप! बुडाशी एक घाव, शेंड्याला एक घाव, वाढे इकडं, ऊस तिकडं. पुण्याचे पाहुणे आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले, मग सगळ्यांनी मोबाइल काढले. क्रमांक पाचच्या बाई म्हणाल्या, “किती जिवंत अभिनय करतात हो या!” रामेश्वर “आई, आई” करत मागं पळत होता, पण तोडलेला ऊस पायात येऊन दोनदा पडला. नाष्ट्याची घंटा झाली, तेव्हा चौकात ऊस नव्हता. आठ मोळ्या होत्या, वाढ्यांनी घट्ट बांधलेल्या, ओळीनं लावलेल्या.

भारत धावत आला. त्याचा फेटा सुटला होता.

“साहेब, हे काय केलं? हा ऊस मला शिवरात्रीपर्यंत पुरवायचा व्हता!”

रामेश्वर काही बोलायच्या आत सावित्रीबाई पुढं झाल्या. सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसला आणि भारतसमोर अदबीनं उभ्या राहिल्या.

“मुकादम, ह्यात किती फिटली आमची उचल? आधी पोरीचं निम्मं वळतं करा. राह्यलेलं म्या तीन दिवसांत फेडते. पर माझ्या लेकाला चारचौघांत बोलू नगा. त्याला सवय न्हाई.”

रामेश्वरच्या डोक्यात कालपासूनचं एकेक वाक्य परत वाजायला लागलं. शिट्टी, वही, आधीच झालेले पैसे, निम्मी धरलेली पोरगी, कोपी.

“आई, उचल कसली? म्या एक पैसा घेतलेला न्हाई कुणाचा.”

“मंग काल हे म्हणले की, पैशाचं झालंय म्हणून.”

“अगं, ते पैसे मी त्यांना दिलेत. इथं राहायचे.”

सावित्रीबाईंनी कोयता खाली ठेवला. “तू दिलेस? कोपीत राहायला?”

“हो.”

“रामा, तीस वर्षं कोपीत राह्यले म्या. त्याचे पैसे आपल्याला मिळायचे रे. म्या म्हणलं, पोरगं अडचणीत आलं, लाजंनं सांगत न्हाई. गार हवा बघून वाटलं, मुकादम सुधारले.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “किती दिलेस?”

त्यानं आकडा सांगितला. त्यासरशी सावित्रीबाई मोळीवर मटकन बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच काही न करता बसल्या होत्या, पण फोटो काढायचं रामेश्वरला सुचलं नाही. त्याचेच डोळे भरले होते. चाळीस भाकऱ्या आणि आठ मोळ्या, आणि तोंडातून तक्रारीचा एक शब्द नाही. असली कसली ही आई, म्हणून त्याला तिचा रागही आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. प्रत्यक्षात त्यानं नाक पुसलं.

भारत मात्र धंद्याचा माणूस. तोवर त्याच्याकडं क्रमांक पाचच्या बाई, सहाचे आजोबा आणि नऊमधलं नवं जोडपं, सगळे एकच विचारून गेले होते. या आजी पुढच्या महिन्यात आहेत का? दुपारी तो क्रमांक चारच्या दारात येऊन बसला.

“आजी, ऊस गेला तर गेला. तुमी इथं राहता का? भाकरी थापायची, पाहुण्यांशी चार गोष्टी बोलायच्या. पगार देतो, राहायला हीच कोपी. मंगळवारी सुट्टी.”

“मंगळवारी काय करायचं?”

“काहीच न्हाई. सुट्टी म्हणल्यावर काय करायचं?”

रामेश्वर ताडकन म्हणाला, “माझी आई कुठं कामाला राहणार न्हाई. भावकी काय म्हणंल?”

“तू गप,” सावित्रीबाई म्हणाल्या. “तुझे पैसे वसूल झाले की येते म्या घरी.”

अशा रीतीनं चार माणसांनी गेलेलं कुटुंब तीन माणसांनी परत आलं. अजिनाथनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, “आई कुठं हायेत?” रामेश्वर म्हणाला, “इसाव्याला ठेवलंय.” तसं ते पुढं खोटं ठरलं नाही, पण तेव्हा ते शंभर टक्के खोटं होतं.

महिना गेला, दुसरा लागला. घरी वर्षाराणी भाकरी चांगली करायची, पण रामेश्वरचा हात तिसरीकडं जायचा नाही. आई काही येईना. शेवटी एक दिवस रामेश्वरनं दुकान बंद ठेवलं, गाडी काढली आणि थेट मायेचं गाव गाठलं. फाटकावरच्या माणसानं, आत जायचं तर दिवसाचं तिकीट काढावं लागेल, जेवणासकट, असं सांगितलं. “माझी आई हाय आत,” रामेश्वर म्हणाला. “सगळे असंच म्हणतेत, साहेब. पाटीवरच ‘मायेचं गाव’ हाय,” तो माणूस म्हणाला.

रामेश्वरनं तिकीट काढलं. म्हटलं जाऊ द्या, आईच्या हातची भाकरी तर मिळेल. पंगतीत बसला. ताटात जाड, कडेला जळालेली, मधे कच्ची अशी भाकरी आली.

“ही आजींच्या हातची न्हाई,” तो वाढप्याला म्हणाला.

“आज मंगळवार. आजींची सुट्टी.”

तो ताटावरून उठला. क्रमांक चारसमोरच्या बाजेवर सावित्रीबाई बसल्या होत्या. पाय पसरलेले. हात मांडीवर, रिकामे. शेजारी चहाचा कप, कुणीतरी आणून दिलेला. त्या समोरच्या डोंगराकडं बघत होत्या आणि काही म्हणजे काही करत नव्हत्या.

रामेश्वर बराच वेळ लांबूनच बघत राहिला. मग जवळ जाऊन बसला.

“आई, पैसे तर केव्हाच वसूल झाले असतील. आता घरी चल.”

“येईन की,” सावित्रीबाई म्हणाल्या. “पण रामा, घरी मंगळवार असतो का रे?”

घरात इतक्या वर्षांत मंगळवार येऊन गेले, पण आईच्या वाटचा एकही नव्हता, हे त्याला बाजेवर बसून कळलं. त्यानं काहीतरी करायचं म्हणून मोबाइल काढला. फोटो तरी मिळावा! उजेड चांगला होता, पाय पसरलेले होते, हात रिकामे होते. त्यानं नेम धरला.

“काढ की फोटू,” त्या हसून म्हणाल्या. “आज काय काम न्हाई मला. पण तुला आत कसं सोडलं रे त्यांनी?”

“तिकीट काढलं,” रामेश्वर म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

“पुन्हा पैसे दिलेस?” असं म्हणत सावित्रीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तो नेमका त्याच क्षणाला.

दुसरा फोटो काढायला त्या काही बसल्या नाहीत. तेव्हा होता तोच रामेश्वरनं ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. एका मिनिटात मनिषाक्काचं उत्तर आलं.

“आईचं डोकं दुखायलंय का? किती राबवतोस रे तिला!”

त्याखाली धाकट्या मामाचे जोडलेले हात.