आप्पा वकिलांचं खालचं कोर्ट

आप्पा वकील माणसाच्या तोंडाकडं नंतर बघतात, आधी कानाकडं. तुम्ही लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभे असता, बोलायला तोंड उघडलेलं असतं, तेवढ्यात ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "जरा डावीकडं वळ बघू." तुम्ही वळता. "हं. भोक अरुंद हाय. तुला मधला रबर बसायचा न्हाय, बारका लागणार. बस की, उभा का?" मग लग्न कुणाचं वगैरे चौकशी. माझ्या साडूला तर पहिल्या भेटीत हे कानाचे डॉक्टरच वाटले. त्यानं बिचाऱ्यानं आपलं कानाचं जुनं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. आप्पांनी ते मन लावून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते सगळं खरं, पण बेस कसा येतो?"

आप्पा म्हणजे व्ही. एस. शहापूरकर, वकील. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. सगळा जन्म बेळगावच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवण्यात गेला. मग गुडघ्यांनी जिने चढायचं नाकारलं आणि प्रॅक्टिस बंद झाली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बेंगळूरला गेल्या. जुळं झालं. दोन महिन्यांत येते म्हणाल्या होत्या, ती जुळी आता दप्तर घेऊन शाळेला जातात. काकू मधूनमधून चार दिवस येतात, पापड-लोणची भरून ठेवतात आणि परत जातात.

हे इयरफोनचं खूळ त्या मुलीमुळंच. आप्पा फोनवर बोलायला लागले की गल्लीतली कुत्री उठून बसायची. म्हणून तिनं कानात घालायचे इयरफोन पाठवले, ते निघाले भरपूर बेसवाले. काकूंशी बोलणं झाल्यावर आप्पांचं बोट कुठं तरी लागलं आणि कुणी तरी पाठवलेला गणपतीच्या मिरवणुकीचा ढोल वाजायला लागला. आप्पा झोपाळ्यावरून ताडकन उठले, भिंतीपाशी आले आणि मला हाक मारून म्हणाले, "अरं, ह्यो ढोल कानात वाजत न्हाय, पोटात वाजतोय." त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणीही इयरफोन घेतला, खडेबाजारातून घेऊ दे नाहीतर ऑनलाइन मागवू दे, तो आधी आप्पांच्या पडवीत हजर करावा लागतो.

पडवी म्हणजे कोर्ट. झोपाळ्यावर आप्पा, समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत अर्जदार. कोर्ट सुरू झालं की आप्पांची भाषाच बदलते. "अर्जदाराचं म्हणणं काय?" असं विचारतात आणि दर दोन वाक्यांनी 'सबब' म्हणतात. मध्येच उठून आत जाता जाता "च्या ठेवतोय, साखर चालती न्हवं?" असंही म्हणतात, कारण चहा करणारं दुसरं कुणी नाही.

पहिली तपासणी फिटिंगची. इयरफोन घालून आप्पा आधी जांभई देतात. साधी जांभई नव्हे, समोरच्या वकिलाचं भाषण लांबल्यावर द्यायची ती. मग मूठभर चिरमुरे आणि कच्चा कांदा चावतात. "जबडा हलला की खोटं उघडं पडतंय," असं त्यांचं मत. मग "मान्य न्हाय, मान्य न्हाय" म्हणत मान जोरजोरात हलवायची, आणि शेवटी गुडघे सांभाळत फाटकापुढच्या गटारीवरून उडी. एकदा ह्या उडीत आमच्या ऑफिसातल्या जोश्याच्या इयरफोनची एक बाजू गटारीत गेली. जोशी रडकुंडीला आला. आप्पा शांतपणे म्हणाले, "आरोपी फरार," आणि चुलीजवळचा चिमटा आणायला गेले. सापडला, धुतला, वाळवला आणि त्याला पुढची तारीख दिली.

फिटिंगचा एवढा घोळ कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "कानात फट राहिली की बेस पळून जातोय. आणि बेस म्हणजे खालचं कोर्ट. सगळा पुरावा तिथंच गोळा होतो. वरचं कोर्ट नुसतं किणकिणतंय." पण बेस आहे म्हणून लगेच खूश होतील ते आप्पा कसले. नुसत्या धमधमणाऱ्या इयरफोनचा त्यांना भयंकर राग. "ह्यानं गाणाऱ्याच्या तोंडावर घोंगडं टाकलंय. साकु." साकु म्हणजे पुरे. आप्पा कन्नडमध्ये गेले की समजायचं, इयरफोनची बाजू पडली.

गाण्यावर मात्र त्यांचा विश्वास नाही. गाणं आवडीचं लागलं की माणूस विरघळतो, ती साक्ष धरायची नाही, असं म्हणतात. त्यांचा पुरावा वेगळाच आहे. निपाणीच्या स्टँडवर एक कर्नाटकाची बस आणि एक महाराष्ट्राची बस शेजारी शेजारी उभ्या होत्या, इंजिनं चालू आणि ड्रायव्हर चहाला. आप्पांनी दोन्हींचा आवाज फोनमध्ये धरून आणलाय. जो इयरफोन ह्या दोघींतला फरक दाखवत नाही, तो नापास. "सीमाभागात ऱ्हायचं आणि एवढं बी कळायचं न्हाय म्हणजे काय?" मी पुष्कळदा ऐकलं, मला दोन्हीकडं घर्रर्र एवढंच ऐकू येतं. तो आवाज धरताना कंडक्टरनं विचारलं होतं, "आजोबा, कुठं जायचंय?" आप्पा म्हणाले, "कुठं न्हाय बाबा. तुमच्या गाडीचा आवाज लई चांगला हाय." कंडक्टरनं म्हणे त्यांना बसायला आपली जागा दिली.

मध्ये एक आठवडा आप्पा भलतेच खुशीत होते. कुठलाही इयरफोन घालू देत, त्याची उजवी बाजू त्यांना एकदम पसंत. "उजवीकडं काय घट्ट बसलाय बघ, वारा शिरत न्हाय." मग एके दिवशी माझ्या बायकोनं उजव्या बाजूनं हाका मारल्या तरी उत्तर येईना, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं कानातून एक निळा रबर बाहेर काढला. कुठल्या तरी इयरफोनचा, आतच राहिलेला. रिक्षातून येताना मला वाटलं, आता लाजून चार दिवस गप्प बसतील. कसलं काय. "सबब," आप्पा म्हणाले, "ह्या आठवड्यातली सगळी प्रकरणं पुन्हा चालवावी लागणार." आणि चालवली की. लोक आपापले इयरफोन घेऊन पुन्हा आले, पुन्हा चिरमुरे, पुन्हा उड्या.

एवढं करून निकाल काय लागतो, असं तुम्ही विचाराल. तिथंच तर सगळी मेख आहे. निकाल लागतच नाही. "निकाल राखून ठेवतोय, परवा ये," एवढंच. परवा गेलं की वीज गेलेली असते, किंवा कोर्टाला सर्दी झालेली असते. ऑनलाइन मागवलेला माल आठवड्यात परत करता येतो, पण आप्पांच्या पडवीत गेलेला एकही इयरफोन वेळेत परत गेलेला नाही. कानाला टोचणारे, घोंगडं टाकणारे, सगळे गल्लीतच मुक्कामाला. मी तेवढा सुटलोय, कारण माझा वायरचा इयरफोन पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून फिरून आला आणि दोन्ही बाजूंनी कायमचा मुका झाला. टाकून मात्र दिला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय. मी काहीच टाकत नाही अशी बायकोची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

पण ह्या वेळी प्रकरण आमच्याच घरातलं होतं. माझी मुलगी मेघा हिला पुण्यात नोकरी लागली. रविवारी निघायचं होतं. तिनं बेसवाले नवे इयरफोन मागवले. आवाज झकास, पण उजवा कान तासाभरात दुखायला लागायचा. ठेवायचे की परत करायचे, ह्याला शनिवारपर्यंत मुदत. मी म्हणालो, परत कर. ती म्हणाली, "आप्पांना विचारूया की." लहानपणापासून ती त्यांच्याच बाजूची. त्या दोन बसमधला फरकही तिला कळतो म्हणे. मग मी पण तिच्याबरोबर जायला लागलो, कोर्टावर जरा वचक राहावा म्हणून.

सोमवारी जांभई आणि चिरमुरे झाले. मंगळवारी बस. बुधवारी आप्पा काळा कोट घालून बसले होते, मला वाटलं आज निकाल. तर म्हणाले, "कोट उन्हात टाकलता, अजून अंगाला येतोय का बघतोय." गुरुवारी सर्दी. शुक्रवारी साक्षीदार तपासायचा म्हणून तेच इयरफोन घालून त्यांनी काकूंना फोन लावला. आम्हाला ऐकू येत होती ती फक्त ह्यांची बाजू. "येतीस कधी?" मग नुसतंच "हं, हं." "बरं. परीक्षा झाल्यावर. बरं बरं." फोन ठेवून त्यांनी इयरफोन सदऱ्याच्या टोकानं पुसले आणि म्हणाले, "आवाज स्वच्छ हाय." मग जरा हसून, "माझाच अर्ज तिकडं पडून हाय, तुमचं काय घेऊन बसलाय. उद्या या."

शनिवारी सकाळी आम्ही गेलो, तर आप्पा म्हणाले, "सोमवारी ये गं मेघा."

माझं डोकं फिरलं. "आप्पा, उद्या ती निघाली. तुम्हाला ठाऊक आहे. एक शब्द बोलायचा, ठेव नाहीतर परत कर. मुद्दाम करता तुम्ही हे. गल्लीतल्या एकाला तरी आजवर धड निकाल दिलाय काय?"

झोपाळा थांबला. "एकाला दिलता," आप्पा म्हणाले. "उचगावचा पोरगा. कॉलेज सुटलं की बसची वेळ होईपर्यंत रोज हितं टेकायचा, चिरमुरे खायाचा. त्याला म्हटलं, चांगला हाय, ठेव. त्यानं ठेवला. पुन्हा आला न्हाय. परवा खडेबाजारात दिसला, कानात त्योच. मी हाक मारली. ऐकू कुठलं जाणार? फिटिंग चांगलं होतं की."

त्यांनी पायानं झोपाळा पुन्हा हलवला.

"निकाल लागला की पक्षकार येत न्हाय रं," ते म्हणाले. "कोर्टात बी तसंच. पण तिथं एक गेला की दुसरा यायचा. हितं संध्याकाळी कोण येतंय? म्हणून आपलं तारखा देत बसतोय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवेना. मेघा झोपाळ्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसली. आप्पांनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, घसा खाकरला आणि म्हणाले, "अर्जदाराचा उजवा कान डाव्याहून अरुंद हाय. बेस उत्तम, गाणारा स्वच्छ, दोन्ही बस वेगळ्या कळतात. पण कान दुखतोय. अर्जदार परक्या गावी एकटी ऱ्हाणार, तिथं कान दुखला तर बघणार कोण? सबब, परत कर. आजच कर." मेघानं वाकून नमस्कार केला. आशीर्वाद देतानाही आप्पा तिच्या कानाकडंच बघत होते.

संध्याकाळी इयरफोन परत गेले आणि रविवारी मेघा गेली.

सोमवारी संध्याकाळी आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं आणि भिंतीपलीकडं झोपाळा कुरकुरत होता. मला मेघाची आठवण येत होती, आणि आप्पा तिकडं एकटे बसलेत हे त्या कुरकुरण्यामुळं विसरताही येत नव्हतं. शेवटी मी ड्रॉवर उघडला, वायरचा गुंता सोडवला आणि पलीकडं गेलो.

"आप्पा, एक प्रकरण आणलंय."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "डावीकडं वळ." मी वळलो. मग त्यांनी इयरफोन घेतला, कानांत बसवला, वायर फोनला जोडली आणि बस लावली. जांभई दिली. चिरमुरे चावले. डोळे मिटून मान डोलवायला लागले. मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो, कारण त्यातून काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी एक बाजू काढून डोळ्यांजवळ धरली. जाळीत पांढरं काही तरी अडकलं होतं, ते नखानं खरवडलं आणि वास घेतला.

"धुतलायस व्हय?"

"मशीनमध्ये गेलता."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. ह्या वेळी कानाकडं नाही, तोंडाकडं. मग ती बाजू पुन्हा नीट कानात बसवली आणि आणखी थोडा वेळ बस ऐकली.

"प्रकरण गुंतागुंतीचं हाय," ते म्हणाले. "निकाल राखून ठेवतोय. उद्या ये. आणि येताना बायकोला घेऊन ये. धुतला तिनं, तिची साक्ष घ्यावी लागणार."

"येतो की," मी म्हणालो, आणि ते चहा ठेवायला आत गेले.