वडशाला उतरलेला मंगोलियन प्रोफेसर

"मंगोलियाले कोणी जाईन त मीच जाईन! लिहून घ्या!"

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या प्रवीण दोनाडकर सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर असा हात आपटला, की सगळ्यांचा चहा कपातून बशीत उतरला. आता मंगोलियाबद्दल सरांना किती माहिती होती म्हणाल, तर चंगेजखान नावाचा कोणी होता आणि तो घोड्यावर बसायचा, एवढी! पण प्रश्न माहितीचा नव्हताच. प्रश्न अश्वजितचा होता.

हा अश्वजित कॉलेजात पाली शिकवायचा. कधीकाळी तो दोनाडकर सरांचाच विद्यार्थी. जुने बौद्ध ग्रंथ मंगोल भाषेत भाषांतर होऊन टिकलेत असं कुठंतरी वाचलं, आणि पठ्ठ्याने घरबसल्या ऑनलाइन क्लास लावून ती लिपीच शिकून घेतली! मग एका परिषदेत ऑनलाइन निबंध वाचला. तो ऐकून मंगोलियन अभ्यासाच्या जगातले कोणी डॉ. लास्लो इतके खूश झाले, की भारतात आल्यावर एक दिवस खास ब्रह्मपुरीला यायचं त्यांनी ठरवलं. व्याख्यान द्यायचं, शिक्षकांशी बोलायचं आणि त्यांतल्या एकाला उन्हाळ्यात उलानबातरच्या अभ्यासवर्गाला न्यायचं. विमानाचं भाडं, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे!

दोनाडकर सर आजवर सेमिनारला लांबात लांब गेले होते ते अकोल्याला. तिथंही त्यांचा निबंध जेवणाच्या सुट्टीआधी लागला होता आणि ऐकायला मांडववाला तेवढा उरला होता. आणि आता हा कालचा पोट्टा विमानात बसणार? सरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊनही थांबेना.

"तुमी जळून राह्यले," त्यांची बायको रीता म्हणाली.

"मी? जळून? मी त अभिमानाने तापून राह्यलो!"

पाहुण्यांना वडशाच्या स्टेशनवरून आणायचं काम प्राचार्यांनी अर्थातच अश्वजितला दिलं. ती गाडी ब्रह्मपुरीला थांबत नव्हती. आणि इथंच सरांच्या डोक्यात योजना शिजली. पाहुण्याला आपणच आणायचं, घरी न्यायचं, रीताच्या हातचं खाऊ घालायचं. कॉलेजात पोचेपर्यंत डॉक्टर आपल्या खिशात!

व्याख्यानाच्या दिवशी सकाळीच त्यांनी अश्वजितला फोन लावला.

"अश्वजित, गाडी दोन तास लेट आहे गा. आत्ताच ॲपवर पाह्यलं. आरामात निघजो."

"बरं झालं सांगितलं सर! नाईतर उगाच ताटकळत बसलो असतो."

गुरूने सांगितलेलं खरं-खोटं करायची अश्वजितला सवय नव्हती. गाडी मात्र अगदी वेळेवर होती. आणि सर तिच्याही आधी हार घेऊन वडशाच्या प्लॅटफॉर्मवर हजर होते!

नावाचा बोर्ड त्यांनी घेतला नव्हता. बोर्ड कशाला? मंगोलियन माणूस वडशात लपतो का? शिवाय नावच सांगत होतं. ल्हासा आणि लास्लो, एकाच बाजूची नावं असणार! इतिहासाच्या प्राध्यापकाने याहून जास्त पुरावा काय मागायचा?

गाडी थांबली. तांदळाचे व्यापारी उतरले, पोरंबाळं उतरली, आणि एक उंचपुरा गोरा उतरला. भुरी दाढी, डोक्यावर टोपी, पाठीवर पोत्याएवढी बॅग. तो इकडंतिकडं पाहत नेमका सरांसमोर येऊन उभा राहिला.

"ब्रह्मपुरी? प्लीज?"

सर त्याच्या खांद्यावरून, काखेतून, जिथून दिसेल तिथून मंगोलियन चेहरा शोधत होते. आणि हा भिंतीसारखा मधे! आपल्याकडे गोरा माणूस वाघ पाहायलाच येतो, हे लहान लेकरालाही माहीत. बाहेर एका रिसॉर्टची जिप्सी उभीच होती. सरांनी त्याला दंडाला धरलं आणि थेट जिप्सीपाशी नेलं.

"टायगर! टायगर! दिस जीप! गो!"

"टायगर?" गोऱ्याचे डोळे बशीएवढे झाले.

"येस! बिग टायगर! बाय बाय!"

ड्रायव्हर जंगू पाहुण्याचीच वाट पाहत होता. गोरा आला म्हणजे आपलाच, म्हणून त्याने बॅग आत टाकली आणि जिप्सी जंगलाच्या दिशेने निघाली.

सर पळत पळत परत आले, आणि पाहतात तो काय! मागच्या डब्यातून ते उतरत होते! गोल चेहरा, बारीक डोळे, गळ्यात भगवा मफलर, काळा चष्मा. काय ती चाल! सरांनी झेप घेऊन हार घातला आणि रात्रभर पाठ केलेलं मंगोलियन वाक्य फेकलं.

"साईन बैना ऊ!"

पाहुणा हसला. त्याने शांतपणे खिशातून पेन काढला, सरांच्या हातातलं वर्तमानपत्र ओढलं आणि त्यावर झोकात सही ठोकून दिली. ती सही उभी, वेटोळी, न वाचता येणारी होती. हीच ती मंगोल लिपी! सरांना भरून आलं.

खरी गोष्ट अशी होती, की या माणसाचं नाव नोरबू. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत जन्मला, मराठी शाळेत शिकला आणि गाता गळा म्हणून इकडच्या झाडीपट्टीच्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत शिरला. हिवाळाभर गावोगाव त्याची नाटकं गाजत होती. त्या रात्री ब्रह्मपुरीजवळच्याच एका गावात प्रयोग होता. गळा बसला म्हणून डॉक्टरने त्याला दुपारपर्यंत अवाक्षर बोलू नको म्हणून बजावलं होतं. हार घेऊन आलेला माणूस म्हणजे गावातल्या मंडळाचा, असं समजून तो सरांच्या गाडीत बसला. "साईन" मागितली, ती दिली. चाहत्याला नाई कसं म्हणायचं?

त्याने गळ्याकडे बोट दाखवून हात हलवला. सर समजले, भूक लागली!

घरी रीताने वडे, तांदळाचं पीठ लावून केलेली भाजी, खीर, सगळं मांडलं. पाहुणा मान खाली घालून जेवत होता. सर समोर बसून एकेक शब्द चघळत इंग्रजीत सांगत होते.

"मी... प्रवीण. समर... आय कम. ओन्ली मी. नो अश्वजित. ओके?"

नोरबूने विचार केला, हौशी माणूस दिसतो, नाटकात पार्ट मागून राह्यला. अशी माणसं गावोगाव भेटायची. त्याने मोठ्या मनाने मान डोलावली.

सरांनी स्वयंपाकघरात येऊन टुणकन उडी मारली. "झालं! हो म्हणाले!"

तेवढ्यात त्यांची आई गुणाबाई दाराच्या फटीतून पाहून आली. हिवाळ्यात एकही नाटक न सोडणारी म्हातारी ती!

"अगा प्रवीण, हा त नोरबू होय! मागच्या साली कसा गायला होता, मायाबाया ढसाढसा रडल्या!"

"आई! हळू बोल! तुले सगळे सारखेच दिसतात. मंगोलियाचे डॉक्टर आहेत ते!"

"डॉक्टर कधी झाला? मंग माह्या गुडघ्याले पाह्य म्हनाव ना!"

"रीता, आईले आत ने. कॉलेजाची इज्जत जाईन!"

दुपारी सरांची गाडी कॉलेजच्या फाटकातून आत शिरली. आणि काय सांगावं! व्हरांड्यातली पोरं पाहुण्याला पाहताच शिट्ट्या मारायला लागली. सभागृहात तर बाकांवर उभी राहिली! सरांच्या अंगावर काटा आला. मंगोलियन अभ्यासाची एवढी आवड पोरांच्या मनात दडली होती आणि आपल्याला पत्ताच नाई! प्राचार्य नागपूरचे. रात्रीची नाटकं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी शाल घातली, श्रीफळ दिलं. नोरबूला यात काहीच नवं नव्हतं. झाडीत असे सत्कार त्याला रोजचेच!

"अन् रामटेके कुठी आहेत?" प्राचार्यांनी हळूच विचारलं. अश्वजितला ते आडनावाने हाक मारत.

"काय सांगू सर," दोनाडकर सर दुःखी चेहरा करून म्हणाले, "आजकालच्या पोट्ट्यांले जबाबदारीच नाई."

मग त्यांनी माईक घेतला. "डॉ. लास्लो यांचा माझा स्नेह जुना आहे. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातून आज ते केवळ माझ्या शब्दाखातर..."

टाळ्या! शिट्ट्या! सरांचा आवाज खिडकीबाहेर जाऊन थेट उलानबातरला पोचला असता! इतक्यात नोरबूने घड्याळ पाहिलं. डॉक्टरने सांगितलेली दुपार उलटून गेली होती. त्याने खाकरून गळा तपासला. सुटला होता! त्याने हसत हसत सरांच्या हातातला माईक घेतला.

"नमस्कार जी माय-बापहो! गळा बसला होता म्हून बोललो नाई, राग नका मानू. रात्री नाटकाले सगळे येजा! अन् या सरांले पार्ट पाहिजे म्हनतात. आमच्यात हवालदाराचा एक आहे, एकच वाक्य आहे, जमून जाईन!"

सभागृह हादरलं! पोरांनी छत खाली आणायचं तेवढं बाकी ठेवलं. दोनाडकर सर उभ्या जागी ताकासारखे पांढरे पडले.

त्याच वेळी दारातून घामाघूम झालेला एक माणूस आत घुसला. तो आदेश, नाटक कंपनीचा मॅनेजर. "नोरबूभाऊ! अबे तुले कोणी पळवलं? वडशाचं सारं स्टेशन पालथं घातलं! पोलिसात जाऊन राह्यलो होतो, तेवढ्यात पोट्ट्यांनी टाकलेला तुहा इथला फोटो दिसला!"

"पळवलं कुठी? हेच घेऊन आले ना हार घालून. जेवण मात्र भल्लं बेस्ट होतं जी!"

आणि प्राचार्यांचा फोन वाजला. अश्वजित होता, वडशाहून. स्टेशन मास्तर म्हणतात गाडी वेळेवरच येऊन गेली, पाहुण्यांचा पत्ता नाई, फोन लागत नाई, काय करू? प्राचार्य हळूहळू सरांकडे वळले.

"दोनाडकर, मग डॉ. लास्लो कुठी आहेत?"

"मले... मले काय माहीत?"

"त्यांचा फोटो तरी पाह्यला होता का?" प्राचार्यांनी मोबाइल सरांच्या नाकासमोर धरला. फोटोत उंचपुरा गोरा, भुरी दाढी, डोक्यावर टोपी. "हंगेरीचे आहेत ते! बुडापेस्टला मंगोलियन शिकवतात!"

सरांच्या तोंडातून एकच शब्द निघाला. "टायगर!"

पुढे दुपारभर कॉलेजात जे चाललं ते वर्णन करण्यासारखं नाही. रिसॉर्टला फोन लावले, तर जिप्सी जंगलात गेलेली आणि जंगलात नेटवर्क नाही. विदेशी पाहुण्याला काही झालं तर? वाघाने पाहिलं तर? प्राचार्यांना रक्तदाबाची गोळी द्यावी लागली. सर कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाघाला विनवत होते, बाबा रे, आज एक दिवस उपास कर!

दिवस कलताना जिप्सी कॉलेजच्या फाटकात येऊन थांबली. डॉ. लास्लो नखशिखांत धुळीने माखले होते आणि लहान पोरासारखे नाचत होते! त्यांनी वाघीण पाहिली होती, बछड्यांसह, पाणवठ्यावर, अगदी जवळून! पाहुणचाराचा भाग म्हणून यजमानांनीच ही सफर ठरवली, असा त्यांचा समज झाला होता. जगभरच्या परिषदांना ते गेले होते. कोणी पेन दिला, कोणी पिशवी दिली. वाघ कोणी दिला नव्हता! त्यांनी अश्वजितला मिठी मारली ती सोडेचनात.

प्राचार्यांचा मात्र पारा उतरला नव्हता. "रामटेके, तुम्ही उशिरा का पोचलात? गाडी लेट असल्याचं कोणी सांगितलं होतं?"

सर हळूच जिप्सीच्या मागे सरकले. अश्वजितने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मीच ॲपवर चुकीचं पाह्यलं सर," तो म्हणाला. "दोनाडकर सर होते म्हणून पाहुणे सुखरूप राह्यले. जिप्सीत त्यांनीच बसवून दिलं."

त्याबरोबर डॉ. लास्लोंनी सरांनाही मिठी मारली. सरांचा चेहरा त्यांच्या धुळकट दाढीत बुडाला. खरं तर सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण आत काहीतरी कडकड वाजत होतं. म्हणजे चांगुलपणातही हा पोट्टा माझ्या पुढे?

डॉक्टरांनी व्याख्यान संध्याकाळी दिलं. मग अश्वजितशी ते मंगोल लिपीवर असे बोलत बसले, जणू लहानपणी एकाच अंगणात विटीदांडू खेळले होते. सरांनी मधे एकदा चंगेजखानाचं नाव घेऊन पाहिलं. दोघांनी नम्रपणे मान हलवली आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागले. निवड कोणाची झाली, हे काय सांगायला पाहिजे?

जूनमध्ये अश्वजित उलानबातरला गेला. जाण्याआधी सरांच्या पाया पडून गेला, हे तर सरांना आणखीच झोंबलं. तिथून तो स्टाफच्या ग्रुपवर रोज फोटो टाकायचा. सगळे भराभर बदाम पाठवायचे. सर पाहायचे, पण पाहिलं असं दाखवायचे नाहीत.

एके दिवशी फोटो आला. निळंभोर आभाळ, नजर जाईल तिथवर हिरवं गवत, आणि घोड्यावर ताठ बसलेला अश्वजित!

"किती मस्त दिसून राह्यला ना!" रीता खांद्यावरून डोकावत म्हणाली.

सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि बराच वेळ बारकाईने निरखून पाहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान पसरलं.

"घोडा," ते म्हणाले, "फारच बुटका आहे."