हार्लनच्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना

"लोक नुसतं पाहतात, मी वाचतो," असं आमचे भाऊजी ऑर्व्हिल टटल छाती पुढे काढून सांगतात. "चेहरे वाचतो, पाऊलखुणा वाचतो, मनातलं वाचतो." चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या तळघरांतले पाण्याचे मीटर वाचले, एवढं मात्र सांगायचं राहून जातं. निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले, आणि ते घराबाहेर राहावेत म्हणून माझ्या बहिणीने मला त्यांचा मदतनीस केलं. आमच्या डनमूर गावात त्यांच्या तोडीचा दुसरा गुप्तहेर नाही. खरं तर पहिल्याचीही गरज नव्हती.

पण या उन्हाळ्यात हार्लन स्टकीने त्यांना बोलावणं धाडलं. हार्लनकडे १९६६ सालची लाल कॉर्व्हेट मोटार आहे, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. ती त्याला सापडली तेव्हा एका शेतकऱ्याच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. अकरा वर्षं खपून हार्लनने तिचा स्क्रू न् स्क्रू जागेवर आणला. आता ती विकायची होती, कारण त्याची बायको वर्ना हिला पॅसिफिक समुद्र बघायचा होता. 'दाखवतो' म्हणून हार्लनने लग्नात दिलेल्या शब्दाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, आणि वर्नाची दृष्टी चालली होती. वर्षभर बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कॉर्व्हेट विकून झोपायची सोय असलेली मोठी गाडी घ्यायची आणि बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडायचे, असा हार्लनचा बेत होता.

पण सहा शनिवार झाले तरी गाडीची किंमत विचारायलाही कोणी आलं नव्हतं.

आमच्याकडे दर शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानापुढे जुन्या गाड्यांची रांग लागते. मालक बॉनेट उघडून ठेवतात, बरेच जण काचेमागे 'विकणे आहे' अशी पाटी लावतात आणि मागे घडीच्या खुर्च्यांवर कॉफी पीत बसतात. भाऊजींनी तिथे भिंग काढलं आणि तपास सुरू झाला.

पहिला संशय रंगावर. मला घड्याळ घेऊन उभं केलं. माणूस लाल गाडीपाशी सरासरी चार मिनिटं थांबतो, हसतो आणि निघून जातो, असं निघालं. "म्हणजे घाबरतो," भाऊजी म्हणाले. दुसरा संशय कोंबड्यांच्या वासावर. तो हुंगायला ते गाडीत शिरले. आत जायला अर्धं मिनिट लागलं, बाहेर काढायला तीन माणसं.

तिसरा संशय डॉइल फेन्सलरवर होता. दुधाचा टँकर चालवणारा हा अबोल माणूस दर शनिवारी त्या गाडीपाशी वीस-वीस मिनिटं हात मागे बांधून उभा राहायचा.

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो, लेस्टर," भाऊजी मला म्हणाले.

"पण गुन्हा कोणता?"

"तो पकडला की तोच सांगेल."

डॉइलच आडवा उभा राहून बाकीची गिऱ्हाइकं पळवतो, असं त्यांनी ठरवलं. गाडीभोवती खडूने रेघ मारली आणि त्याला पलीकडे उभं राहायला सांगितलं. बिचाऱ्याने माफी मागितली आणि रेघेपलीकडे जाऊन उभा राहिला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शनिवारी वर्ना पीचचा केक घेऊन आली. हार्लन मान खाली घालून बसला होता. माझी गाडी कोणालाच नको आहे, एवढंच तो म्हणाला. भाऊजींनी तिन्ही संशय सविस्तर मांडले. वर्नाने ते शांतपणे ऐकले आणि केकचे तुकडे करता करता विचारलं, "काचेमागची पाटी किती वर्षांची आहे हो, हार्लन?"

"पाटी नवी आहे. किंमत निम्म्यावर आणली आहे मी."

"आणि जुनी?"

हार्लन उठून आधीच चकचकीत असलेला दिवा पुसू लागला.

"नऊ वर्षं होती," वर्ना आम्हाला म्हणाली. "मी नव्या स्वयंपाकघराच्या पैशांसाठी भांडले, तेव्हा यांनी 'विकणे आहे' लिहिलं. पुढे किंमत अशी, की कोणी घेऊ नये. रांगेत बघा. चौदा गाड्या, नऊ पाट्या. विकली एक तरी? ही पाटी गिऱ्हाइकासाठी नसतेच मुळी, ती बायकोसाठी असते. तिच्यावरची किंमत कोण वाचणार?"

खुर्च्यांवरच्या आठ नवऱ्यांनी एकदम कॉफीत तोंडं घातली. आम्ही सगळे भाऊजींकडे बघू लागलो. त्या काचेवरचे बोटांचे ठसे त्यांनी दोनदा तपासले होते. पाटी वाचलेली नव्हती.

वर्नाने केकच्या खोक्याचं झाकण फाडलं, ते डोळ्यांजवळ धरून जाड पेनाने लिहिलं आणि ते काचेवर टेकवून ठेवलं. 'खरंच विकणे आहे. – हार्लनची बायको.'

एक मिनिटही गेलं नसेल.

"रेघ ओलांडू का?" डॉइलने विचारलं.

तो या गाडीसाठी नऊ वर्षं पैसे साठवत होता. विचारलं का नाही, असं हार्लनने विचारलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. "माणूस बायकोला फसवत असताना मध्ये कशाला पडायचं, म्हणून गप्प राहिलो," तो म्हणाला.

हार्लनने किल्ली डॉइलच्या हातात ठेवली. गाडी वळणाआड गेली तरी तो बघतच राहिला, आणि वर्ना त्याच्याकडे बघत राहिली. भाऊजींनी खडूची रेघ बुटाने पुसली आणि आपला पहिला निकाल लागला म्हणून केकचे दोन तुकडे मागून घेतले.

सप्टेंबरअखेर पोस्टकार्ड आलं. वर्नाचं मोठं, वाकडं अक्षर होतं आणि शब्द दोनच: 'सगळा दिसला.'

भाऊजींनी ते भिंगाखाली तीनदा वाचलं, नाक शिंकरलं, आणि हे कार्ड समुद्रकाठाहून आलेलं आहे असा निष्कर्ष मला लिहून घ्यायला लावला. मी लिहून घेतला.