जाण्याआधीच फत्ते झालेली मोहीम

कोणत्याही अवघड कामाचे तीन भाग असतात: संकल्प, सत्कार आणि प्रत्यक्ष काम. यांतला तिसरा भाग ऐच्छिक आहे हे जगाला अजून नीट उमगलेलं नाही. नाशकात मात्र इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर ते एकमताने मंजूर झालं. (एक सभासद पाणी प्यायला खाली गेला होता. त्याचं मत होकारार्थी धरण्यात आलं.)

पाणी प्यायला गेलेला तो सभासद म्हणजे ललित. अंबडच्या एका कारखान्यात तो खरेदी विभागात होता, आणि त्याच्या नावावर आजवर अर्धा गिटारचा क्लास, अर्धी स्पर्धा परीक्षा, गुडघाभर पाण्यापर्यंतचं पोहणं आणि एका बाजूने बरी आलेली दाढी जमा होती. दिशाशी लग्न करायचं, एवढी एकच गोष्ट त्याला पुरी करायची होती. दिशा फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे पाय हातात घेऊन ते खरं बोलताहेत की खोटं हे ओळखायचं, असा तिचा धंदा.

"घरी तुझं नाव काढते," ती म्हणाली होती. "पण आधी एक तरी गोष्ट सुरू करून संपव. कुठलीही."

"कुठलीही?"

"हो. वडापाव सोडून."

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तोफवाटेचा विषय निघाला, आणि ललितने सगळ्यात आधी होकाराचा अंगठा टाकला.

तोफवाट म्हणजे पेठच्या पलीकडच्या जंगलातली चार दिवसांची वाट. जुन्या कुठल्याशा लढाईत काही माणसांनी एक अवजड तोफ ओढत, ढकलत आणि शिव्या घालत या वाटेने घाटाखाली नेली. ती खाली पोचली तेव्हा तह होऊन दोन दिवस झाले होते आणि पेढे संपले होते. तोफ ओढणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. पेढे वाटणाऱ्यांची सगळी आहेत. (इतिहासातून शिकत नाही असा आरोप आपल्या समाजावर नेहमी होतो. समितीने हा धडा पहिल्याच बैठकीत आत्मसात केला.)

समितीचं पूर्ण नाव 'तोफवाट ऐतिहासिक जंगल मोहीम नियोजन, समन्वय व आभार समिती'. अध्यक्ष भारतभाऊ. द्वारका चौकाजवळ त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, म्हणजे गिर्यारोहणाचा निम्मा अनुभव आपसूकच आला. सूत्रसंचालन सुवर्णाताईंकडे. माईक हातात आला की त्या परत देत नसत, म्हणून दम आणि चिकाटी या निकषांवर त्या आधीच पात्र ठरल्या होत्या. उपसमित्या चार: पाणी, साप, इतिहास आणि घरून परवानगी. शेवटचीवर कामाचा ताण फार. सभासदांच्या शारीरिक क्षमतेची पाहणी झाली तेव्हा साठ टक्के सभासदांना गुडघा असल्याचं आढळलं. (गुडघा सर्वांनाच असतो, पण यांना तो जाणवत होता.) उरलेल्या चाळीस टक्क्यांना कंबर होती.

सरावही कडक होता. दर रविवारी पाठीवर पूर्ण सामान घेऊन सोसायटीपासून मिसळीच्या हॉटेलापर्यंत चालत जायचं. येताना रिक्षा, कारण सामान आणि मिसळ असा दुहेरी भार जंगलातही कुणी वाहत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि तारीख ठरणार, एवढ्यात शुभेच्छांचा फ्लेक्स आडवा आला.

कुठल्याही मोहिमेला दोन फ्लेक्स लागतात. एक निघताना शुभेच्छांचा, एक परतल्यावर अभिनंदनाचा. पण भारतभाऊ पर्यावरणवादी होते.

"दोनदा प्लॅस्टिक कशाला?" ते म्हणाले. "एकच छापू. अभिनंदनाचाच. नाहीतरी परत येणारच ना आपण?"

"येणारच," सगळे म्हणाले. येणार नाही असं म्हणणं अभद्र दिसलं असतं.

"मग झालं तर."

फोटो काढायला जंगल हवं होतं. ते गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेत मिळालं. फ्लेक्सवर ललित डावीकडून तिसरा, काठी रोवून क्षितिजाकडे बघत होता. मागच्या घनदाट अरण्यातल्या एका झाडावर 'हापूस कलम' अशी चिठ्ठी दिसत होती, पण ती दिसायला जवळ जावं लागे, आणि जवळ जाऊन बघण्याइतका आपल्या फ्लेक्सवर कुणी अविश्वास दाखवत नाही. वर ठळक अक्षरांत: 'चार दिवसांची खडतर तोफवाट मोहीम यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फ्लेक्स चौकात लागला आणि मोहीम, जी अजून गच्चीवरून खाली उतरली नव्हती, ती फत्ते झाली.

पहिला सत्कार हास्यक्लबाने केला. शाल, श्रीफळ, हार. मग ज्येष्ठ नागरिक संघ, मग वाचनालय, मग एका पतसंस्थेची वार्षिक सभा, जिथे सभासदांनी लाभांशाचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं की सुवर्णाताई मोहीमवीरांसाठी टाळ्या मागत. आता खुलासा करावा तर शालींचं काय करायचं? नारळ तर खाऊन झाले होते. समितीने नियम केला: मोहिमेवर जाण्यापूर्वी आलेले सर्व सत्कार स्वीकारणं बंधनकारक राहील. ललितने तारीख विचारली की भारतभाऊ डायरी उघडत. "गुरुवारी पोळी-भाजी महिला मंडळ आहे. त्यांना दुखवून कसं जायचं?"

प्रत्येक सत्काराहून परतताना ललित दिशाला भेटे. ती शालीकडे बघतही नसे.

"पाय दाखव."

तो बूट काढी.

"लोण्यासारखे आहेत," ती म्हणे. "घाल बूट."

दिशाचे वडील मात्र वेगळ्या दिशेने विचार करत होते. पुंजारामकाकांची मखमलाबादला झेंडू आणि शेवंतीची शेती. इंदिरानगर पट्ट्यातल्या बहुतेक सत्कारांचे हार त्यांच्याच फुलांचे. तेच स्वतः हार पोचवायला येत, आणि जिथे जावं तिथे हा एकच पोरगा मान पुढे करून उभा.

"दिशे," ते एकदा घरी म्हणाले, "तो डावीकडून तिसरा कोन गं? लय भारी पोरगं दिसतं. आपली निम्मी शेवंती त्याच्याच गळ्यात गेली."

दिशाने ललितचं नाव आणि काम सांगितलं.

"बोलव मग एकदा घरी. असा जंगलं तुडवणारा जावई मिळाला तर काय वाईट?"

हे ऐकून कुणीही आनंदाने नाचला असता. ललितही नाचला. मग त्याने दिशाकडे पाहिलं आणि थांबला.

"पप्पांचं झालं," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय. पाय दाखव."

दिवाळीनंतर ललितने आजारपणाची रजा टाकली आणि कुणाला न सांगता पेठची एस.टी. धरली. पुढे जीप, जीपपुढे पायवाट, आणि पायवाटेच्या तोंडाशी वाटाड्या मंगळूचं घर. ललित अंगणात शिरला, तशी मंगळूची आई अक्काबाई हातातला केरसुणीचा फटकारा थांबवून बघतच राहिली.

"मंगळू, आरं भायेर ये! आपल्या शेळ्यांवरचा मानूस आला!"

ललितने गोठ्याकडे पाहिलं. पावसाचं पाणी अडवायला छपरावर एक फ्लेक्स ताणून बांधला होता. (शहरातले अभिनंदनाचे फ्लेक्स पुढे जुन्या बाजारात जातात आणि तिथून डोंगरात येऊन पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडतात.) त्यावर ललित, काठी रोवून, क्षितिजाकडे बघत. खाली सात शेळ्या.

मंगळूने आधी छप्पर वाचलं, मग ललितला न्याहाळलं.

"तुमी त जाऊन आलात ना?"

"नाही. आता जायचंय."

"मंग ह्यो कोन?"

"मीच."

"ह्यो त जाऊन आला. लिवलंय."

"तेव्हा गेलो नव्हतो."

मंगळूने छप्पर पुन्हा एकदा वाचलं. "बरं, चला," तो शेवटी म्हणाला. "पन वाटंत मला काय इचारू नका. तुमाला सगळं ठावकी हाय, आख्ख्या गावानं वाचलंय."

"थांब, भाकर बांधून देते," अक्काबाई म्हणाली. "येवढा पावसाळा शेळ्यांच्या डोक्यावर पानी पडू दिलं नाय लेकरानं."

एवढी कृतज्ञता ललितला एकाही सत्कारात मिळाली नव्हती.

वाटेचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ते फ्लेक्सवर जास्त चांगलं दिसतं. पहिल्या दिवशी ललितच्या टाचा गेल्या, दुसऱ्या दिवशी अंगठ्याची नखं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो एका ओढ्यात बसला आणि त्याने जाहीर केलं की आपण मोहीम सोडत आहोत.

"सोडा," मंगळू म्हणाला.

"परत किती चालायचं?"

"आलो तेवढं."

"आणि पुढे?"

"थोडं कमी."

अर्ध्यावर सोडण्याची ललितला आयुष्यभराची सवय. पण आजवर त्याने जे जे सोडलं, त्याच्या अर्ध्यावरून घरी जायला रिक्षा होती. इथे सोडणं आणि पुरं करणं यांत जेमतेम एका टेकडीचा फरक होता, तोही पुरं करण्याच्या बाजूने. तो उठला. इतिहासातले पुष्कळ पराक्रम असेच, परतीची सोय नसल्यामुळे झाले असावेत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घाटाखालच्या पाड्यावर तोफ दिसली. तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. फोनची बॅटरी केव्हाच मेली होती, म्हणून फोटो नाही. हार नाही. मिरच्या राखणाऱ्या बाईने "आलात का?" असं विचारलं, तो म्हणाला "आलो", आणि ललितच्या आयुष्यातली पहिली गोष्ट पूर्ण झाली.

नाशकात परतल्यावर समितीची तातडीची बैठक भरली.

"म्हणजे तू गेलास?" सुवर्णाताईंनी विचारलं. आवाज असा, जणू कुणी घरातून पळून जाऊन लग्न केलंय.

"अरे, पण तू गेलास याचा अर्थ आधी गेला नव्हतास," भारतभाऊ डोकं धरून म्हणाले. "आणि तू गेला नव्हतास म्हणजे आम्ही कुठे होतो? विचार कर जरा. एकट्याचा स्वार्थ बघतोस?"

ठराव झाला: 'सभासद श्री. ललित यांचे जाणे समितीच्या पूर्वयशाशी विसंगत असल्याने त्यांनी ते आठ दिवसांत मागे घ्यावे.'

"जाणं मागे कसं घ्यायचं?"

"सोपं आहे. कुणाला सांगू नकोस."

रविवारी ललित मखमलाबादला गेला. मुलाकडची वजनदार मंडळी म्हणून भारतभाऊ आणि सुवर्णाताई सोबत. पुंजारामकाका फाटकापाशीच उभे होते. जीपमधून उतरून ललित ओट्यापर्यंत आला तसा त्यांचा चेहरा पडला.

"पोरगा लंगडतो?"

काकांनी त्याला वरून खाली न्याहाळलं.

"फ्लेक्सवर तर सरळ उभा व्हता," काका म्हणाले. "दिशे, हे तू मला सांगितलं नाय. अशा पायाचा मानूस जंगलात काय चालला असंल?"

"बाथरूममध्ये पडला," भारतभाऊ घाईने म्हणाले. "काल. फरशी ओली होती."

ललितने भारतभाऊंकडे पाहिलं, मग दिशाकडे. ती त्याच्या चपलांकडे बघत होती.

"बाथरूममध्ये नाही पडलो, काका," ललित म्हणाला. "आम्ही कुणीच गेलो नव्हतो. तो फोटो रोपवाटिकेतला आहे. सगळे सत्कार खोटे. मी गेल्या आठवड्यात एकटा गेलो आणि चार दिवस चाललो, म्हणून लंगडतोय."

पुंजारामकाकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या, पोट हलायला लागलं, आणि ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"लय इनोदी पोरगं हाय!" ते सुवर्णाताईंना म्हणाले. "बाथरूममध्ये पडलो म्हनायची लाज वाटली, तर काय गोष्ट रचली बघा! आवो, फ्लेक्स कशाला खोटं बोलंल? आन् मी सोता हार दिलेत की!"

"फार नम्र आहे हो," सुवर्णाताई डोळे पुसत म्हणाल्या.

लग्न ठरलं.

काका पेढे आणायला आत गेले तेव्हा दिशा ओट्याच्या कडेला ललितसमोर बसली.

"पाय दाखव."

त्याने चप्पल काढली. दोन नखं काळी, एक गळालेलं, टाचांवर फोडांचे थरावर थर. तिने दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि बराच वेळ बघितले. एवढ्या प्रेमाने तिने एकाही शालीकडे पाहिलं नव्हतं.

"दुखतंय?"

"अर्धंच," तो म्हणाला.

"खोटारड्या," ती म्हणाली, आणि नख जिथे नव्हतं नेमकं तिथेच दाबलं.

पुढच्या आठवड्यात चौकात नवा फ्लेक्स लागला: 'बाथरूममधील भीषण अपघातातून सुखरूप बचावल्याबद्दल आमचे लाडके मोहीमवीर ललितदादा यांचे हार्दिक अभिनंदन!' हास्यक्लबाने सत्कार केला. हार पुंजारामकाकांचेच. पावसाळ्यापर्यंत हाही फ्लेक्स डोंगरात पोचेल, असा मंगळूचा अंदाज आहे. त्याच्याकडे आणखी एक गोठा उघडा आहे.

समितीची दुसरी मोहीम जोरात सुरू असून तिच्यासाठी सभासदत्वाचा नियम सोपा करण्यात आला आहे. जो बसल्या जागेवरून हलला नाही, ज्याने चार दिवसांची वाट काही मिनिटांत ओलांडली, जिथे ललितची नखं गेली तिथे जो किंचित हसला आणि एकही फोड न येता शेवटपर्यंत पोचला, तो सन्माननीय मोहीमवीर मानला जाईल. म्हणजे आपणच, वाचकहो. अभिनंदन! फोटो पाठवण्याची तसदी घेऊ नये. फ्लेक्स छापून झाला आहे, आपण उजवीकडून दुसरे आहात.

हरकत असल्यास पाय दाखवावेत.