गडग्याकडचा पिस्टन

हापूसच्या अढीशेजारी पेंढ्यात पिस्टन घालून ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. "पेंढ्यात खारी हवा लागत नाही," आबा पोंक्षे मला म्हणाले. मी पेटीतला एक पिस्टन उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. "दाबून बघू नको. आंबा नव्हे तो."

आबांचा धंदा आंब्याचा आणि छंद लोकांना शहाणपण शिकवण्याचा. "सगळं टायमिंग आहे रे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आंबा कधी उतरवावा, आमटीला फोडणी कधी द्यावी, मुलीचं लग्न कधी करावं, सगळ्यावर उत्तर हेच. स्वतः मात्र ते कुठल्याही लग्नाला शेवटची पंगत उठता उठता पोचत.

कोकण रेल्वे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. गाव गाडी बघायला स्टेशनवर जायचं आणि आबांनी कोल्हापूरच्या एका शौकीन माणसाकडून शर्यतीत पळालेली जुनी लाल गाडी आणली. आणली म्हणजे ट्रकात घालून आणली, कारण तिचं इंजिन बसलेलं होतं. ते आबा स्वतः खोलून दुरुस्त करणार होते. याआधी त्यांनी आयुष्यात एकदाच विहिरीवरचा पंप उघडला होता. तो बंद करायला दुसरा माणूस बोलवावा लागला होता.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी, म्हणजे आबांच्या बायकोसाठी. काकूंचं माहेर मलकापूरचं, म्हणजे रेल्वेचा उपयोग शून्य, मध्ये आंबा घाट. आणि त्यांना गाडी लागते. पालीला आलं चघळायचं, साखरप्याला लिंबू, आणि पहिल्या वळणाला पिशवी. एकदा तर अर्ध्या घाटातून त्या रडत परत आल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षं माहेर नाही. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली. भावाचा फोन आला की मागून म्हातारीचा आवाज यायचा, "निमा निघाली का?" काकू फोन ठेवायच्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायच्या.

यावर आबांनी सिद्धांत काढला. "उलटी यायला वेळ लागतो. त्याच्या आत घाट संपवायचा. ही गाडी एकशेसाठनं पळते. सगळं टायमिंग आहे रे."

"आणि वळणं?"

"वळणं रस्त्याला असतात. इंजिनाला नसतात."

हे ऐकून काकूंनी देवापुढे हात जोडले. इंजिन सुरू व्हावं म्हणून की होऊ नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

फणसाच्या फांदीला रहाटाचा दोर बांधून इंजिन उतरवलं आणि घरापुढच्या खळ्यात चार चिऱ्यांवर ठेवलं. सुट्या भागांची नावं आबांना ठाऊक नव्हती, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. बागेत जशी विहिरीकडची कलमं आणि गडग्याकडची कलमं, तसंच त्यांनी पेट्यांवर कोळशानं लिहिलं: 'विहिरीकडचा पिस्टन', 'गडग्याकडचा पिस्टन'. गडगा म्हणजे आमच्या दोघांच्या हद्दीवरचा दगडी बांध. माझ्या हद्दीवरून कुणाचं इंजिन ओळखलं जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग अवेळी पावसाची चिन्हं दिसली आणि इंजिन पडवीत हलवायचं ठरलं. पडवीचं दार अरुंद. चौघांनी उचललं, आडवं केलं, फिरवलं आणि कसंबसं आत घेतलं. तिथे आबांनी विहिरीकडचे भाग विहिरीकडे आणि गडग्याकडचे गडग्याकडे, अगदी बिनचूक बसवले.

मुहूर्ताला हार, नारळ, पेढे. आबांनी इंजिनाला बॅटरी जोडून किल्ली फिरवली. इंजिन एकदा खर्र झालं आणि जाम बसलं.

"मुहूर्त चुकला," आबा म्हणाले.

"आबा, पडवीत आणताना त्याचं तोंड फिरलं नव्हतं का?" मी गडग्यावरून विचारलं.

आबांनी वळून गडग्याकडे पाहिलं. मीच तो रातोरात उचलून पलीकडे ठेवला असावा, असा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्या कुणी एखाद्या मेकॅनिकला बोलावलं असतं. आबांनी इंजिन पुन्हा खळ्यात आणलं, त्याच चार चिऱ्यांवर त्याच तोंडानं ठेवलं, वर मांडव घातला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "आता तुळशीला प्रदक्षिणा घालून आणा त्याला," असं मी म्हटलं, तेव्हा ते हसलेही नाहीत. त्या वर्षी आंबा उतरवायचं टायमिंग पार हुकलं. फळ कलमाखाली पडून सडत होतं आणि आबा नटबोल्टांत. एकदा गडग्यापलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "अगो, थांबेल ना गो तुझी आई?" मग नुसता भांडी घासल्याचा आवाज आला.

आणि ते इंजिन पुन्हा गाडीत चढलं आणि खरोखर सुरू झालं. त्याचा काळा धूर माझ्या वाळत घातलेल्या फणसपोळीवर बसला, पण त्या दिवशी भांडायला माझी जीभ रेटेना.

मलकापूरला जाताना आबांनी मला साक्षीदार म्हणून मागे बसवलं. पालीपर्यंत त्यांनी गाडी अशी पिटाळली की मला कुलदैवत आठवलं. साखरपा मागे पडला, घाट लागला, काकूंनी पिशवी उघडली. आणि गाडी एकदम हळू झाली. मला वाटलं, पुन्हा गडगा फिरला.

पण आबा बैलगाडीच्या चालीनं चालले होते. "अगो, आता डावं वळण येतंय. लांब समोर बघ. हां, झालं." प्रत्येक वळणाच्या आधी सांगायचे, वळण संपलं की गाडी जरा थांबवायचे. मागे ट्रकांची रांग लागली. एका एसटीच्या ड्रायव्हरनं बाजूनं जाताना विचारलं, "काका, ढकलू काय?"

"आबा, एकशेसाठ?" मी म्हटलं.

"गप बस रे मेल्या."

काकूंची पिशवी मलकापूरपर्यंत कोरी राहिली. चपला न काढताच त्या आईच्या खोलीत शिरल्या. आतून म्हातारीचं "आलीस गो?" ऐकू आलं, तेव्हा आबा बाहेर उभे राहून पुसलेलंच बॉनेट पुसत होते.

काकू तिथेच राहिल्या. परतताना आम्ही दोघंच, आणि घाट मोकळा. "आता कोणी नाही, दाखवा तुमचं टायमिंग," मी म्हटलं. तरी आबा त्याच चालीनं. एका वळणावर उतरून त्यांनी वाटेतला दगड उचलला आणि कडेला नेऊन ठेवला.

"आता कशाला?"

"तिला परत आणायचीय ना रे," आबा म्हणाले. "खड्डे कुठेकुठे आहेत, ते बघून ठेवतो."

पुढच्या वळणावर ते पुन्हा थांबले. या वेळी मीही खाली उतरलो.